मी, कोइम्बतूरला न गेलेला ट्रक

मी एक जुना पिकअप ट्रक आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली मला पाहून लोकांच्या ते लक्षात येत नाही. परवा शेजारच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या पाहुण्यांना सांगितलं, "हा शो-पीस आहे." मित्रांनो, ज्याच्या पाठीवरून अर्ध्या मद्रासचे आरसे गेले, त्याला शो-पीस म्हणवून घेताना काय वाटत असेल? तेच सांगायला बसलो आहे. बसलो म्हणजे उभाच आहे. मला दुसरं काही येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्या वेळचं फारसं आठवत नाही. हातोडे फार होते. रंग बाटलीसारखा हिरवा, पुढे दोन गोल दिवे, मागे उघडा हौदा. मला विकत घेतलं मानाजीरावांनी. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला आले, आणि मानाजीराव तंजावरहून मद्रासला. जॉर्ज टाउनमध्ये त्यांचा आरशांचा घाऊक धंदा होता. घरात ते मराठी बोलत, दुकानात तमिळ. माझ्याशी दोन्ही; लाड करायचे तर मराठी, ओरडायचं तर तमिळ. त्यामुळे माझं तमिळ उत्तम आहे.

आरसे वाहणं हे साधं काम नव्हे. ते उभे बांधावे लागतात, मधे पेंढा भरावा लागतो आणि खड्डा दिसला की श्वास रोखावा लागतो. माझ्या मागून येणारा प्रत्येक जण आरशात स्वतःला पाहून केस नीट करायचा. बसचे ड्रायव्हरसुद्धा. एकदा एक बैलगाडी मागून आली. बैलाला समोरून दुसरा बैल येताना दिसला. हा हटेना, तर तोही हटेना. अख्खी गल्ली खोळंबली. शेवटी मी पुढे निघालो, तेव्हा आपण जिंकलो अशा समजुतीने बैल मान ताठ करून घरी गेला.

पण सांगायचं ते असं, की इतक्या वर्षांत माझ्या हौद्यात एकही आरसा फुटला नाही. मी वाटेत कधी बंद पडलो नाही. व्यापारी म्हणायचे, "मानाजीरावांची गाडी ना? मग डोळे मिटून माल चढवा." मित्रांनो, ट्रकाला दुसरी कसली इस्टेट असते? भरवसा हीच त्याची इस्टेट.

मानाजीराव गेले आणि धंदाही बंद झाला. त्यांचे चिरंजीव गुंडोराव विमा कंपनीत नोकरीला होते. त्यांनी मला मद्रासमध्येच अण्णा नगरच्या घरामागच्या शेडमध्ये लावलं आणि "बघू" म्हणाले. मग ते नोकरीवर गेले ते निवृत्त होऊनच आले.

मधल्या काळात मी निरनिराळी पदं भूषवली. गुंडोरावांच्या पत्नी विद्यालक्ष्मीबाई उन्हाळ्यात शेडच्या दारापर्यंत ऊन आलं की माझ्या बोनेटवर तांदळाचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडया, वाळत घालत. लोखंडावर ते झटपट वाळत, म्हणून दोन्ही शेजारणींचे वडामही माझ्याकडे येऊ लागले. मांजरीने माझ्या सीटवर पिल्लं घातली. दुधी भोपळ्याच्या वेलाने स्टीअरिंगला वेढा घातला, आणि एके वर्षी तर हॉर्नच्या जागी भोपळा धरला. वाळवणाच्या आणि भाजीच्या क्षेत्रात माझी प्रगती चांगली होती. पण रात्रंदिवस मला रस्त्याचीच आठवण यायची.

निवृत्त झाल्यावर गुंडोराव महिनाभर घरात हिंडले. कोथिंबीर कशी निवडावी हे त्यांनी विद्यालक्ष्मीबाईंना समजावलं. त्या दिवशी त्यांना घरामागे पाठवण्यात आलं. तिथे मी होतो.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग भोपळा तोडला, बायकोला नेऊन दिला आणि परत येऊन म्हणाले, "तुला उभं करतो रे. माझ्या अप्पांच्या वेळी होतास तस्सा."

मला कुणी "तुला" म्हटल्याला किती वर्षं झाली होती.

गुंडोरावांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांची मुलगी कौमुदी एका ऑफिसात संगणकावर काम करायची. तिलाही कळत नव्हतं, पण तिला ते ठाऊक होतं, हा फरक. शनिवार-रविवार ती जुने कपडे घालून यायची, फोनवर व्हिडिओ लावायची आणि दोघं माझ्यात डोकं घालायची. पहिला बोल्ट निघाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. तो बोल्ट चुकीचा होता. पेढे परत मागता येईनात, म्हणून तो बोल्ट तसाच काढलेला ठेवला.

सुटे भाग हरवू नयेत म्हणून गुंडोरावांनी एक युक्ती काढली. इडलीपात्राच्या ताटल्या आणल्या आणि प्रत्येक खळग्यात एकेका जागचे नट-बोल्ट ठेवले. वरची ताटली दारांची, मधली ब्रेकची, खालची इंजिनाची.

"अहो, माझं इडलीपात्र!" विद्यालक्ष्मीबाई शेडच्या दारात येऊन ओरडल्या.

"आता ते गाडीचं झालं ग."

"मग उद्या नाश्त्याला कार्ब्युरेटर वाढते. चटणीशी बरा लागेल."

गंज काढायला बाजारात औषधं मिळतात. पण आमच्या घरात पितळेचं काही काळवंडलं की चिंच, आणि चांदीचं काळवंडलं की विभूती, हा नियम. मला तर ते दोन्ही लावलं. माझा बंपर चिंचेच्या कोळात भिजवला, विभूतीने घासला आणि फडक्याने इतका चमकवला, की गुंडोरावांनी त्यात पाहून दाढी केली. पुढचे कितीतरी दिवस माझ्या अंगाला रसमचा वास येत होता. डावा दिवा फुटला होता, तो पुदुपेट्टैच्या भंगार बाजारातून आणला. तो पूर्वी एका ॲम्ब्युलन्सचा होता. अजूनही तो डोळा उगीच घाईत असतो.

हिरवा रंग कोणता, यावरून बापलेकीचं आठवडाभर बोलणं बंद होतं. गुंडोराव म्हणत, गाडी बाटलीची हिरवी होती. कौमुदी म्हणे, "कुठली बाटली, अप्पा?" यावर ते रागाने निघून जात. अखेर माझ्या दाराच्या आत, कुणी हात न लावलेल्या कोपऱ्यात, मूळ रंगाचा एक चट्टा सापडला. तो दोघांच्या म्हणण्यापेक्षा निराळा निघाला. मग ती दोघं खूप हसली. मला वाटतं माझ्या सगळ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस. आरशांचे दिवस धरूनसुद्धा.

त्याच सुमारास कौमुदीचं लग्न ठरलं. मुलगा वेंकट, आपलाच तंजावुरी मराठी, पण घर कोइम्बतूरला. मी शेडमध्ये उभा राहून ऐकलं ते असं.

"अप्पा, लग्नात मला दुसरं काही नको. हीच द्या," कौमुदी माझ्या बोनेटवर हात ठेवून म्हणाली. "मी आणि वेंकट चालवत नेऊ. हायवेनं, सेलमवरून."

गुंडोराव पाना पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता. "सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. "तुझीच ती. मानाजी अप्पांची शपथ."

मित्रांनो, कोइम्बतूर! मला हायवे माहीत नव्हता. माझं सगळं आयुष्य जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत, बैल आणि हातगाड्यांच्या मधून गेलं होतं. तिसऱ्या गिअरच्या पुढेही काहीतरी असतं, एवढं मी ऐकून होतो.

विद्यालक्ष्मीबाईंनी मात्र अट घातली. "जानवासात ती धड चालली तर ने. एकदा जरी अडली, तर इथेच ठेव. नवी नवरी सेलमच्या उन्हात रस्त्यावर उभी राहिलेली मज चालायची नाही."

जानवास म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उघड्या गाडीतून निघणारी नवरदेवाची वरात. तंजावुरी मंडळींनी ही चाल तमिळ शेजाऱ्यांकडून घेतली. नवरदेवाला हौद्यात बसवून मी आमच्या दारापासून मंगल कार्यालयापर्यंत जायचं, एवढीच परीक्षा. चार गल्ल्या! मी मनात हसलो. डोळे मिटून माल चढवा, म्हटलं.

आता मला कळतं, की तेव्हापासून गुंडोराव बदलले. सगळं झालेलं असताना त्यांनी उजवं दार पुन्हा खरवडलं आणि पुन्हा रंगवलं. मग डावं. कौमुदी विचारायची, "झालं ना, अप्पा?" ते म्हणायचे, "अजून थोडं काम आहे." मला वाटलं, हे प्रेम. तसं ते होतंही. तीच तर अडचण.

लग्नाच्या आठवड्यात मला पहिल्यांदा चावी लावली. एकाच किल्लीत मी सुरू झालो. इतका गोड आवाज माझा मला ठाऊक नव्हता. कौमुदी रडली. विद्यालक्ष्मीबाईंनी माझ्यावरून मिरच्या ओवाळून टाकल्या. गुंडोरावांच्या डोळ्यांतही पाणी आलं. धूर गेला म्हणाले. धूर नव्हताच. माझा धूर मीच ओळखतो.

आणि जानवासाचा दिवस उजाडला. दुपारी पाहुणे पायसम जेवून जिथे जागा मिळेल तिथे आडवे झाले होते. सगळं घर घोरत होतं. गुंडोराव एकटेच शेडमध्ये आले. नेसलेली जरीकाठी वेष्टी, अंगात नवा पांढरा सदरा. त्यांनी माझं बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"कोइम्बतूर फार लांब रे," ते म्हणाले.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट समजली पाहिजे. माझ्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो. त्याच्या झाकणाखाली अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. तो इंजिनाला ठिणगी वाटून देतो. तो नसला की चावी फिरवली तरी इंजिन नुसतं घरघरतं, पेट घेत नाही. जॉर्ज टाउनचे जुने गाडीवाले रात्री गाडी रस्त्यात लावताना हा रोटर काढून खिशात घालून घरी नेत, म्हणजे चोराला गाडी पळवता येऊ नये. मानाजीरावही तेच करत. आणि मुलाला त्यांनी गाडीतलं हे एवढं एकच शिकवलं होतं.

गुंडोरावांनी झाकणाच्या दोन्ही क्लिपा काढल्या, रोटर उचलला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. झाकण पुन्हा लावलं. बोनेट हळूच मिटलं. मला थोपटलं.

मी वाट पाहत राहिलो. वाटलं, पुसायला नेला असेल. चिंचेत घालायला नेला असेल. चोराच्या भीतीने काढला म्हणावं, तर घरात त्या दिवशी मला नेणारी एकच होती, आणि तिला चोर म्हणत नाहीत, मुलगी म्हणतात.

संध्याकाळी मुलांनी मला ढकलत दारासमोर आणून उभं केलं. बागेत धूर नको, असं गुंडोरावांनीच सांगितलं होतं. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, लुकलुकणारे दिवे. हौद्यात दिवाणखान्यातला सोफा ठेवला आणि त्यावर सूट घातलेला वेंकट बसला. पुढे सनईसारखं नादस्वरम आणि ढोल, मागे बायका. सगळी गल्ली फोन वर धरून उभी. गुंडोरावांनी स्टीअरिंगवर बसून चावी फिरवली.

घर्र, घर्र, घर्र.

पुन्हा फिरवली. मी जीव तोडून फिरलो. पण ठिणगीच नव्हती, मित्रांनो. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. सदऱ्याच्या खिशात.

गाडी बंद पडली की जमलेला प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. कुणी म्हणे बॅटरी, कुणी म्हणे पेट्रोल. ढोलवाल्याने माझ्या टायरवर थाप मारून टायर बरा असल्याचं जाहीर केलं. गुंडोरावांची थोरली बहीण वसंता अत्या पुढे आली.

"गुंडो, मी सांगितलें होतें ना? कशास ही थेरडी गाडी? भंगारास विभूती लावली म्हणून ते देव होत नाही!"

"अक्का, जरा थांब ग."

"मी थांबते रे. तुझी गाडीही थांबली आहे. जावई वर थांबला आहे. सगळेच थांबले आहेत!"

तेवढ्यात घरातून कौमुदी आली. केसांत मोगरा, अंगावर रेशमी साडी. तिने पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि सगळ्यांच्या देखत माझं बोनेट उघडलं.

मला एवढं बरं वाटलं, की काय सांगू. हिला सगळं ठाऊक होतं. माझ्यातला एकही स्क्रू असा नव्हता, जो तिच्या हातून गेला नाही. तिने वायरी पाहिल्या. मग डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा काढल्या आणि झाकण उचललं.

आत काही नव्हतं.

ती थांबली. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. गुंडोराव खाली उतरून नादस्वरमकडे असे पाहत होते, जणू हे वाद्य आयुष्यात पहिल्यांदाच पाहत आहेत. सदरा पातळ होता. खिशात तपकिरी काहीतरी स्पष्ट दिसत होतं. कौमुदीलाही दिसलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मला दिसलं, की तिला दिसलं.

सांग, मी म्हटलं. सांग ना, ग. एक वाक्य. उद्या आपण सेलमच्या रस्त्याला लागू.

"काये झालें, कौमू?" विद्यालक्ष्मीबाईंनी विचारलं.

कौमुदीने झाकण परत बसवलं. दोन्ही क्लिपा लावल्या. नीट, जशा लावायला ती माझ्यावरच शिकली होती. बोनेट मिटलं.

"जुनी गाडी आहे, आई," ती म्हणाली. "भरवसा नाही. ढकला."

गुंडोरावांनी चावी काढून खिशात घातली. खिशात काहीतरी टक् वाजलं. दोघांनीही ऐकलं.

मग मला ढकललं. दहा-बारा काका, सहा मामा, वेंकटचे मित्र. रेशमी वेष्ट्या वर खोचून सगळे माझ्या मागे लागले. नादस्वरमवाल्याला आमच्या वेगाने चालता येईना, तेव्हा त्याने तोच राग दुप्पट सावकाश घेतला. जाणकार म्हणाले, असा आलाप ऐकला नव्हता. वसंता अत्या एक हात माझ्यावर ठेवून बाकीच्यांना सूचना देत होती. मागे पाण्याचा टँकर अडकला. त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, तेव्हा उतरून ढकलू लागला, आणि शेवटी जेवूनच गेला. प्रत्येक खड्ड्याला वेंकट सोफ्यावर उताणा पडायचा आणि उठून पुन्हा हात हलवायचा. चांगला मुलगा आहे.

आणि दुतर्फा लोक म्हणत होते, "काय चकचकीत केली आहे हो!" लगेच दुसरा म्हणे, "चकचकीत असून काय? चालत नाही." स्टीअरिंगवर बसून गुंडोराव ते ऐकत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. ढकलत होते दुसरेच.

लग्न झालं. निघायच्या दिवशी कौमुदी शेडमध्ये आली. गुंडोराव माझ्याजवळ फडकं घेऊन उभे होते. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"अप्पा, हिचं काम राहिलं ना थोडं?"

"हो ग, कण्णा, बाळा. थोडंच."

"होऊ द्या निवांत. घाई नाही. मी दर रविवारी फोन करून विचारीन."

गुंडोरावांनी मान हलवली. तिने त्यांच्या खांद्यावरचा रंगाचा सुकलेला ठिपका नखाने काढला आणि ती गेली. वेंकटच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून. ती विजेवर चालते, आवाजही करत नाही. ती आली केव्हा आणि गेली केव्हा, हेही मला कळलं नाही. मला सोडून जायचं होतं, तर निदान थोडा आवाज तरी करायचा.

आता दर रविवारी फोन येतो. गुंडोराव माझ्या बोनेटला फोन टेकवून ठेवतात, एखादा घट्ट बोल्ट सैल करतात, पुन्हा घट्ट करतात, आणि कोइम्बतूरहून प्रश्न आला की म्हणतात, "अजून थोडं काम आहे." ती म्हणते, "सरी, अप्पा." मग दोघं तासभर कार्ब्युरेटरबद्दल बोलतात. मी ऐकतो. कार्ब्युरेटरला काहीही झालेलं नाही.

लोक सांगतात, बघ, किती माया आहे दोघांची. आहे. मला ती मान्य आहे. पण मित्रांनो, त्या मायेची किंमत माझ्या नावावर पडली. दोघांनाही खरं ठाऊक आहे, आणि भरवसा नाही तो माझा. ज्याने एक आरसा फुटू दिला नाही, तो.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगायची रीत आहे. मी ते सांगणार नाही. माझी काळजी फार घेतली गेली. चिंच लावली, विभूती लावली, रंगाचे हात दिले, रोज पुसलं. वेलीखाली होतो, तेव्हा मी नुसता विसरलेला होतो. आता मी सांभाळलेला आहे. विसरलेल्याला निदान आशा असते.

म्हणून एवढंच करा. कधी अण्णा नगरला आलात, आणि एका चकचकीत हिरव्या ट्रकाला फडक्याने पुसणारे गृहस्थ दिसले, तर "काय सुंदर ठेवलाय हो!" असं म्हणू नका. ते ऐकायला त्यांना फार आवडतं. त्यांच्या शेजारी थोडं उभं राहा, माझ्या टायरकडे बघा, रस्त्याकडे बघा, आणि सहज विचारल्यासारखं विचारा, "मग, निघायचं कधी?"